ठकूअक्काची दोन घंगाळं

पुण्या-मुंबईहून बंगळुरात नोकरीला आलेली मंडळी चार महिन्यांत कुरकुरायला लागतात, की इथं मराठी बोलायला माणूस मिळत नाही. मग मंडळ काढतात, गणपती बसवतात, पुरणपोळीचा बेत करतात, आणि तरी कुरकुर चालूच. मी गप्प ऐकून घेते. मराठी बोलायला माणूस नसणं म्हणजे काय, ते ठकूअक्काला विचारायला हवं होतं. ती अडुसष्ट साली गेली. तिच्या थडग्यावर तिचं नाव कानडीत कोरलंय, आणि तिला स्वतःला ते धड वाचता आलं नसतं.

ठकुबाई पिराजी साळवे. चामराजपेटेतल्या मिशनच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि सुईणही. अक्का हे या गावाचं देणं. इथं भाजीवालीही अक्का आणि जजाची बायकोही अक्का. मूळची ती नगरकडची. बाप दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला गेला आणि ख्रिस्ती झाला. ठकूचं लग्न झालं, वर्षाच्या आत नवरा गेला, मग मिशननंच तिला नर्सिंग शिकवलं. तिथली गोरी डॉक्टरीण इकडे नवा दवाखाना काढायला निघाली तेव्हा ठकूला बरोबर घेऊन आली. ‘तिकडेही तुमच्यासारखेच लोक आहेत,’ असं सांगून आणलं. त्या बाईला मराठी आणि कानडी यांतला फरक कळत होता की नाही, देव जाणे. आमच्याकडे गोऱ्या बाईला दोरसानी म्हणत. तर दोरसानी वर्षा-दोन वर्षांनी विलायतेला जाऊन यायची, आणि ठकूअक्काला मात्र जायला नगरलाही कुणी उरलं नव्हतं.

दवाखाना म्हणजे काय, कौलारू दोन खोल्या आणि पुढे चिंचेचं झाड. मागे ठकूअक्काची राहायची खोली. बुधवारी झाडाखाली आसपासच्या बाया जमायच्या. आधी प्रार्थना, मग मलम, असा मिशनचा शिरस्ता. ठकूअक्का खांद्यावर कोकरू घेतलेल्या मेंढपाळाचं चित्र फांदीला टांगायची आणि मोडक्या कानडीत त्याची गोष्ट सांगायची. मग एक गाणं. मग खरजेला गंधकाचं मलम, मुलांच्या डोळ्यांत थेंब, आणि पाणी उकळून प्या, नाळेला शेण लावू नका, हे दर बुधवारी नव्यानं. फुलं विकणारी गंगव्वा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्यानं गायची. मी एकदा तिला विचारलं, तू ख्रिस्ती होणार की काय? तर म्हणाली, “आमची यल्लम्मा ऐकतीय की! मलमासाठी स्वल्प गायलं तर तिला काय राग येतोय?” हे मी ठकूअक्काला सांगितलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, “गाऊ दे. खरूज तर जाती ना.”

आमचं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच. आमची मराठी उंबऱ्याच्या आतली, उंबरा ओलांडला की कानडी. वडील भगवंतराव पेन्शनीत निघालेले, थोरला भाऊ अरविंद सरकारी कारखान्यात इंजिनियर, त्याची बायको सुलभावहिनी साताऱ्याची. मी, कल्पना, मुलींच्या शाळेत शिकवत होते. आणि आई. घर आईचं, आम्ही सगळे तिथं राहत होतो इतकंच.

ठकूअक्का आमच्याकडे यायची ती मागच्या दारानं. वहिनीला ताप आला, मला गळू झालं, काही ना काही निमित्त असे. ती परसातल्या पायरीवर बसायची, आई आत उंबऱ्यापाशी. तिची कपबशी परसातल्या कोनाड्यात असे. आई वरून चहा ओतायची आणि ती पिऊन झाल्यावर स्वतः विसळून ठेवायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, तिलाही नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. चहा निवून पाणी झाला तरी ती घोट घोट पीत राही, कारण कप रिकामा झाला की उठावं लागे. मला म्हणायची, “कल्पनाताई, दिसभर कानडी बोलून जबडा दुखतो बघा. इथं आलं की तोंड सैल होतं.”

चैत्रात आमच्या माजघरात हळदीकुंकू असलं, की बायकांचं हसणं परसापर्यंत ऐकू जायचं. विधवा आणि वर ख्रिस्ती, म्हणजे तिला तिथं दुप्पट बंदी. दुसऱ्या दिवशी ती मला गाठून विचारायची, काल काय झालं, एवढ्या कशाला हसलात? मी सांगायचे. कुणाची तरी उखाण्यात फजिती झालेली असायची, दुसरं काय. ती ते ऐकून एकटीच हसायची, एक दिवस उशिरानं. एकदा बोलता बोलता बोलून गेली, “एकदा तुमच्या माजघरात बसावं वाटतं. हळदीकुंकू नको मला. भिंतीकडंला बसून नुसतं ऐकीन.” मग आपणच जीभ चावली.

सत्तावन्न साली वहिनीला दिवस गेले. आमची जुनी सुईण वारली होती. दादाचं म्हणणं मोठ्या दवाखान्यात न्यावं. आई म्हणाली, “आपल्या भाषेत बोलणारी बाई हाताशी असताना तिकडं कशाला? सरी, ठरलं, ठकूलाच बोलवा.” हे आईचे शब्द, माझे नव्हेत. बाळंतिणीची खोली तशीही सोयराची. तिथं कुणी का येईना. फक्त तिथून पुढं माजघरात यायचं नाही.

भर दुपारी मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती, अंग निळंजांभळं, आणि रडेना. ठकूअक्कानं बोटानं तिचं तोंड साफ केलं, तळव्यांवर चापट्या मारल्या. काही नाही. मग ओरडली, “बाई, गरम पाणी! कल्पनाताई, थंड!” त्या काळी सुइणींना असंच शिकवत. न रडणारं मूल गरम आणि थंड पाण्यात आलटून पालटून बुडवायचं, म्हणजे हिसका बसून श्वास येतो. आईनं न्हाणीतून गरम पाण्याचं घंगाळ आणलं, मी रांजणातलं थंड. ठकूअक्का पोरीला यात बुडवी, त्यात बुडवी, आणि तिचे ओठ सारखे हलत होते. मध्येच ‘येशू’ हा शब्द मोठ्यानं आला. आणि मांजराचं पिल्लू ओरडावं तसा बारीक आवाज निघाला. मग भोकाड.

आईनं काय करावं? देवापुढची साखर आणली आणि ठकूअक्काच्या तोंडात घातली. हातावर नव्हे, तोंडात. आमच्या घरात कुणी तिला आपणहून शिवल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

संध्याकाळी शेजारचे विश्वासराव विचारपूस करायला आले. हे गृहस्थ लहानपणी मिशनच्या शाळेत शिकलेले, आणि त्या अर्ध्या हळकुंडानं जन्मभर पिवळे झालेले. आईनं कौतुकानं त्यांना सगळं सांगितलं. घंगाळं, बुडवणं, ओठ हलवणं, येशूचं नाव. विश्वासराव सुपारी चघळायचे थांबले. “वहिनी,” आईला म्हणाले, “पाण्यात बुडवून येशूचं नाव घेतलं? अहो, मग तो बाप्तिस्माच झाला. पोर बाटवली की तिनं!”

झालं. मी ओरडून सांगितलं, की थंड पाण्याचं घंगाळ माझ्याच हातात होतं, ते आपल्या रांजणातलं पाणी होतं, आणि पोर मेली असती. आई म्हणाली, “तू गप. लग्न न झालेल्या पोरीनं बाळंतपणातलं बोलू नये.” पाणी वाहायला तेवढी मी चालले होते.

दुसऱ्या दिवशी भीमाचार्यांना बोलावणं गेलं. म्हातारे आमच्या घरचे भटजी, कमरेत वाकलेले, डोक्यानं सगळ्या गल्लीत सरळ. ते बाहेर ओटीवरच बसले आणि ऐकून घेऊन म्हणाले, “ज्या जिवाला अजून नाव नाही, त्याचा धर्म कोण बदलणार? सोयर फिटू दे, बारसं करा. गोमूत्र शिंपडायचंच असेल तर शिंपडा, पोरीच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका म्हणजे झालं.” एवढं स्वच्छ शास्त्र कुणी सांगितलं नसेल. पण आईला शास्त्र नको होतं, तिला भीती वाटली होती, आणि घाबरलेलं माणूस शहाणपण ऐकत नाही.

ठकूअक्का बाळंतिणीला न्हाऊ घालायला आली, तेव्हा आई मागच्या दारात आडवी उभी होती. कोनाड्यातली कपबशी परसात फुटून पडलेली. ठकूअक्कानं त्या तुकड्यांकडे पाहिलं आणि सगळं समजली. म्हणाली, “बाई, माझ्या तोंडातनं नाव निघालं खरं. पण मी पोर बाटवली न्हाई. यापुढं कुणाच्या घरात मोठ्यानं नाव घेणार न्हाई, शब्द देते.” आई म्हणाली, “यापुढं या घरात तुझं पाऊलच नको.” ठकूअक्का खाली वाकली. मग कपाचे तुकडे कुणाच्या पायात जातील म्हणून वेचून घेतले आणि गेली.

आठवडाभरात आसपासच्या सगळ्या मराठी घरांची मागची दारं तिला बंद झाली. आमच्या लोकांत एकी नाही असं म्हणतात, ते खोटं आहे; अशा कामाला भरपूर असते.

गंमत पुढेच आहे. गंमत म्हणते, पण मला अजून त्याची चीड येते. ही बातमी फिरत फिरत मिशनच्या देवळात गेली, आणि तिथं सगळ्यांना आनंद झाला! रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले, की चामराजपेटेतल्या एका उच्चकुलीन घरातलं कोकरू आमच्या भगिनीच्या हातून कळपात आलं. आता पाहा, तिनं नुसतं गप्प बसायचं होतं. जन्मभर त्या देवळात ती मागच्या बाकावर बसली होती. कानडी गाण्यांना नुसते ओठ हलवायची. त्या दिवशी सगळी मंडळी मागे वळून तिच्याकडे प्रेमानं बघत होती. एक बाजू तर तिची झाली असती.

ती उभी राहिली. मोडक्या कानडीत म्हणाली, “बाप्तिस्मा नाही. बाळ रडत नव्हतं. ते पाणी औषधाचं होतं.” आणि खाली बसली.

हे तिनंच मला दवाखान्याच्या फाटकात सांगितलं. पाळकसाहेब महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. दोरसानीसुद्धा म्हणाली, की तुला हे नंतर एकटं गाठून सांगता आलं असतं. “पण कल्पनाताई, देवाला सांगत होते ना ते! देवाला सांगितलेलं खोटं मागनं कसं पुसायचं?” मी तिला म्हटलं, “अक्का, तेलही गेलं आणि तूपही गेलं तुझं.” ती म्हणाली, “धुपाटणं हाय की हातात,” आणि हसली. ते हसू मला सहन झालं नाही. मी शाळेला उशीर होतोय असं सांगून निघाले आणि कोपऱ्यावर जाऊन डोळे पुसले.

त्यानंतरची वर्षं तिनं कशी काढली, ते मी रोज जाता-येता पाहत होते. कामात खंड नाही. बुधवारचं चित्र, मलम, गंगव्वाचं गाणं. देवीची साथ आली तेव्हा पलीकडच्या वस्तीत कुणी पाऊल टाकेना, तिथं ही रोज जाऊन मुलांची अंगं पुसून येई. लोक तिला मानत. पण मानणं वेगळं आणि संध्याकाळी दोन शब्द बोलायला कुणी असणं वेगळं. अंधार पडायला लागला, की तिच्या खोलीतून बारीक झांज ऐकू यायची. अभंगाच्या चालीवर एकटीच येशूची भजनं म्हणायची. पलीकडून धृपद धरायला कुणी नसे. मग ती स्वतःच थोडा आवाज बदलून धृपद म्हणायची. दवाखान्यात एक मांजर होतं, त्याच्याशी मराठीत बोलायची. मला म्हणायची, “हे आता कानडी विसरलं बघा. गंगव्वानं हाक मारली तर वळत न्हाई.”

मला रोज एकच विचारायची: नयना काय करती? आमच्या त्या पोरीचं नाव नयना ठेवलं होतं. दात आले का, चालती का, बोलायला लागली का? आई नयनाला घेऊन त्या रस्त्यानं निघाली, की दवाखाना यायच्या आधी पलीकडच्या बाजूला जायची. ठकूअक्का दारात उभी राहून रस्त्यापलीकडून पोरगी बघून घ्यायची. तिनं हाक कधी मारली नाही.

बासष्ट साली वहिनीला पुन्हा दिवस गेले. या वेळी दादानं ऐकलं नाही, मोठ्या दवाखान्यात नाव घातलं. पण महिनाभर आधीच, दादा कारखान्यात असताना, दुपारच्या जेवणानंतर वहिनीनं पोट धरलं. वडील जटका, म्हणजे टांगा, आणायला धावले. जटका येईतो दम निघेल असं दिसेना. आईनं एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “जा,” म्हणाली, “तिला बोलाव.” नाव घेतलं नाही, पण मी पळत सुटले.

ठकूअक्का हातातलं टाकून आली. मागच्या दाराशी मात्र थबकली. “बाई, येऊ?” आई नुसती बाजूला झाली.

मुलगा झाला. मुठीएवढा. आणि तोही रडेना.

तीच खोली, तीच दोन घंगाळं. आईनं न सांगता गरम पाणी आणलं, मी थंड. ठकूअक्कानं तोंड साफ केलं, पाण्यात बुडवलं, चोळलं, त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकलं, पुन्हा बुडवलं. पण या वेळी तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. आई पोराकडे बघत नव्हती. ती ठकूअक्काच्या तोंडाकडे बघत होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घंगाळातलं पाणी कोमट होत आलं. आणि आई एकदम ओरडली, “म्हण की गं!”

ठकूअक्कानं वर पाहिलं नाही.

“अगं, तेव्हा म्हणाली होतीस ते म्हण! पाया पडते तुझ्या, म्हण!”

“म्हणतीय बाई. मघापासनं म्हणतीय.”

“मोठ्यानं म्हण!”

“मोठ्यानं म्हटल्यानं त्याला जास्त ऐकू येत न्हाई,” ठकूअक्का म्हणाली, आणि पुन्हा फुंकू लागली. आम्ही सांगेपर्यंत ती थांबली नाही. पोर रडलं नाही.

पुरुषमंडळी बाळाला घेऊन गेली. वहिनीला झोप लागली. ठकूअक्कानं खोली पुसली, दोन्ही घंगाळं राखेनं घासून परसात पालथी घातली आणि सवयीनं पायरीवर बसली. आई माजघरात भिंतीला टेकून होती, कोरड्या डोळ्यांनी. बऱ्याच वेळानं तिथूनच हाक आली, “ठकू, आत ये.”

ठकूअक्काला ते आपल्याला आहे हे कळलंच नाही. मी तिचा हात धरून उठवलं. उंबऱ्यावर तिनं पाय खरखरून पुसले, आणि आमच्या माजघरात येऊन चटईच्या कडेला, भिंतीलगत बसली. इतकी वर्षं तिला इथं बसून बायकांचं बोलणं ऐकायचं होतं. त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. दिवेलागणीला ती उठली. आईनं विचारलं, “उद्या येशील ना? सुलभाला न्हाऊ घालायला?” ठकूअक्का म्हणाली, “येईन की.”

ती रोज येऊ लागली. वहिनीचं अंग चोळायची, न्हाऊ घालायची, दाटलेलं दूध पिळून छाती बांधून द्यायची. वहिनी रडून रडून मोकळी झाली. आई मात्र एकदाही रडली नाही. जेवण टाकलं होतं, रात्रंदिवस कशाला तरी कान लावल्यासारखी बसून असे. बारशाचा जो दिवस असता, त्या दिवशी ठकूअक्का काम आटपून माजघरात बसली होती. पाच वर्षांची नयना बिनदिक्कत तिच्या मांडीत येऊन बसली होती. आई अचानक म्हणाली, “ठकू, हिच्या वेळी तू पाण्यात बुडवताना काय म्हणत होतीस? खरं सांग. येशू, आणि पुढं काय?”

“येशू, पोरीला रडू दे.”

“आणि?”

“आणि काय बाई? रडलं न्हाई तर पोर जगत न्हाई. रडू दे, एवढंच.”

“या वेळी?”

“तेच. ह्याला रडू दे.”

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं. ठकूअक्कानं नयनाला खाली ठेवलं, सरकत आईजवळ आली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

“रडा बाई,” ती म्हणाली. “रडा.”

आत चुलीवर चहाचं आधण उकळून उतू जात होतं. ते उतरवायला आमच्यातलं कुणी उठलं नाही.